निर्भय सुगरण

स्वयंपाक ही रोजची आणि घरोघरची गोष्ट. म्हणूनच तिच्यातील कौशल्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भाकरी टम्म फुगली, तर खाणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही. ती करपली, की मात्र सर्वांच्या ध्यानात येते. त्यामुळे नवशिक्याच्या मनात एक भीती घर करून राहते. थालीपीठ उलटताना मोडले, की त्याची पहिली नजर तव्याकडे जात नाही. आपल्याला कोणी पाहिले तर नाही ना, हे तो आधी पाहतो. ही भीती केवळ स्वयंपाकघरातच असते असे नाही. फळ्यावर गणित सोडविताना, पोहायला पाण्यात उतरताना, परकी भाषा बोलताना, सर्वत्र ती आडवी येते. हसे होईल या धास्तीने कित्येक जण शिकण्याच्या उंबरठ्यावरूनच परत फिरतात.

ही धास्ती हजारो माणसांच्या मनातून दूर करण्याचे काम अमेरिकेतील एका बाईंनी केले, आणि तेही मोठ्या विलक्षण रीतीने. दूरचित्रवाणीवर त्या स्वयंपाक शिकवीत आणि शिकविताना हातून काही चुकले, तर ती चूक सर्वांच्या देखत निस्तरून दाखवीत. त्या बाईंचे नाव ज्यूलिया चाइल्ड.

ज्यूलियाबाईंचा जन्म १५ ऑगस्ट १९१२ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील पॅसाडीना या गावी एका सुखवस्तू कुटुंबात झाला. घरी स्वयंपाकाला माणूस असे. त्यामुळे मुलींनी चुलीपाशी जाण्याचा प्रसंगच येत नसे. ज्यूलिया अंगापिंडाने धिप्पाड होती. तिची उंची सहा फूट दोन इंच भरली. खेळणे, हुंदडणे आणि मनमोकळे हसणे यांत ती रमे. १९३४ मध्ये तिने महाविद्यालयाचे शिक्षण पुरे केले. परंतु पुढे काय करावे, हे तिला बरीच वर्षे उमगले नाही.

एवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले. ज्यूलियाबाई अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यात रुजू झाल्या. तेथील त्यांच्या कामांपैकी एक मोठे गमतीचे होते. समुद्रात शार्क माशांना दूर ठेवील असे एखादे द्रव्य सिद्ध करण्याचे प्रयोग चालू होते. त्या प्रयोगांना त्यांचा हातभार लागला. पुढे १९४४ मध्ये त्यांची नेमणूक श्रीलंकेत झाली. अमेरिकेहून निघालेली त्यांची बोट मुंबई बंदरात आली. तेथून आगगाडीने हिंदुस्थान ओलांडून त्या श्रीलंकेत कँडी येथे पोहोचल्या. गुप्त कागदपत्रांची व्यवस्था ठेवण्याचे जबाबदारीचे काम त्यांच्याकडे होते. तेथेच पॉल चाइल्ड या सहकाऱ्याशी त्यांचा परिचय झाला. पॉल त्यांच्याहून दहा वर्षांनी वडील, उंचीने मात्र कमी. चित्रकलेचा व्यासंगी आणि खाण्यापिण्याचा मोठा दर्दी. १९४६ मध्ये दोघांचा विवाह झाला.

या दर्दी नवऱ्यासाठी ज्यूलियाबाईंनी मोठ्या उमेदीने जे पदार्थ प्रथम रांधले, त्यांतील एकाचा तर पार लगदा झाला! जिने पुढे सबंध देशाला स्वयंपाक शिकविला, तिचा आरंभ असा होता.

१९४८ मध्ये पॉल यांची बदली फ्रान्समध्ये झाली. बोटीतून उतरून पॅरिसला जात असता वाटेत रूआँ नावाच्या जुन्या शहरात हे दांपत्य जेवायला थांबले. पानात आला तो लोण्यात परतलेला साधा मासा. पदार्थ साधाच, परंतु ज्यूलियाबाईंनी पहिला घास घेतला आणि त्या थक्क झाल्या. अन्न इतके चवदार असू शकते, याची त्यांना आजवर कल्पनाच नव्हती. त्या वेळी त्यांचे वय छत्तीस वर्षांचे होते. ज्या वयात पुष्कळ माणसे आपले शिकण्याचे दिवस संपले असे समजून चालतात, त्या वयात या बाईंना आपल्या आवडीचा विषय सापडला.

पुढच्याच वर्षी त्यांनी पॅरिसमधील 'कॉर्दों ब्ल्यू' या नामांकित पाकशाळेत नाव घातले. गृहिणींसाठी असलेला वर्ग त्यांना फार सोपा वाटला. म्हणून त्या दुसऱ्या वर्गात जाऊन बसल्या. तेथील बाकीचे सर्व विद्यार्थी सैन्यातून परतलेले अमेरिकन पुरुष होते. मॅक्स ब्यून्यार नावाचे वृद्ध आणि निष्णात आचारी तेथे शिकवीत. अंडी मंद आचेवर धीराने कशी ढवळावी, इथपासून त्यांनी ज्यूलियाबाईंना धडे दिले. सकाळी शाळेत शिकावे, घरी येऊन तेच पदार्थ पुन्हा करावे, अशा परिश्रमात दिवसामागून दिवस गेले.

आणि इतके करूनही अखेरच्या परीक्षेत ज्यूलियाबाई नापास झाल्या! अवघड पदार्थांची त्यांनी कसून तयारी केली होती. परंतु परीक्षेत विचारले गेले ते शाळेच्या लहानशा पुस्तिकेतील साधे पदार्थ, आणि त्यांची प्रमाणे काही त्यांच्या मुखोद्गत नव्हती. बाईंना आपलाच राग आला. त्या तडक शाळेच्या तळघरातील स्वयंपाकघरात गेल्या, पुस्तिका उघडली, जे पदार्थ चुकले होते ते सर्व एकटीने पुन्हा केले आणि तेथेच खाऊन टाकले. पुढे परीक्षेला पुन्हा बसून त्या उत्तीर्ण झाल्या. अपयश आले असता रडत न बसता तेच काम पुन्हा हाती घ्यावे, हा त्यांचा स्वभाव या प्रसंगी स्पष्ट दिसून आला.

पॅरिसमध्येच सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल या दोन फ्रेंच मैत्रिणींशी त्यांचा स्नेह जुळला. अमेरिकन गृहिणींना फ्रेंच स्वयंपाक आपल्या घरी करता यावा, असे पुस्तक तिघींनी मिळून लिहावयाचे ठरले. काम सोपे नव्हते. फ्रान्समधील पीठ निराळे, अमेरिकेतील निराळे. मासे निराळे, मापे निराळी. फ्रेंच आचाऱ्याच्या हातात जे अंदाजाने येते, ते नवशिक्याला अचूक प्रमाणाने सांगावे लागते. म्हणून ज्यूलियाबाईंनी प्रत्येक कृती पुन्हा पुन्हा करून पाहिली. पॉल यांच्या नोकरीपायी फ्रान्स, जर्मनी, अमेरिका, नॉर्वे असा संसार हलत राहिला आणि त्याबरोबर हस्तलिखितांचे गठ्ठेही हलत राहिले. ज्या प्रकाशकांसाठी पुस्तक लिहिले जात होते, त्यांनी ते अखेर परत केले. पुढे दुसऱ्या प्रकाशन संस्थेतील ज्यूडिथ जोन्स या तरुण संपादिकेला त्याचे मोल कळले. सुमारे दहा वर्षांच्या श्रमांनंतर १९६१ मध्ये सातशेहून अधिक पृष्ठांचा तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आता त्या काळची अमेरिका कशी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. डबाबंद भाज्या, गोठविलेले अन्न आणि पुड्यांतील तयार मिश्रणे यांची तेथे चलती होती. स्वयंपाक म्हणजे लवकरात लवकर उरकून टाकण्याचे काम, असे जाहिराती गृहिणींच्या मनावर बिंबवीत होत्या. अशा काळात मंद आचेवर तास न् तास शिजणाऱ्या पदार्थांचे पुस्तक कोण वाचणार? परंतु वाचणारे निघाले. आणि त्यातूनच एक नवी वाट फुटली.

बॉस्टन शहराजवळच्या केंब्रिज येथे चाइल्ड दांपत्य स्थायिक झाले होते. १९६२ मध्ये बॉस्टनच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी केंद्राने ज्यूलियाबाईंना पुस्तकपरिचयाच्या एका कार्यक्रमात बोलावले. पाहुण्यांनी यावे, आपल्या पुस्तकाविषयी चार शब्द बोलावे, असा तेथील रिवाज. या बाई मात्र येताना विजेची शेगडी, तवा आणि अंडी घेऊन आल्या, आणि बोलता बोलता त्यांनी सर्वांसमक्ष ऑम्लेट करून दाखविले. प्रेक्षकांना ही गोष्ट इतकी आवडली, की या बाईंना पुन्हा बोलवा, असे सांगणारी पत्रे केंद्राकडे आली. त्यातून 'द फ्रेंच शेफ', म्हणजे 'फ्रेंच आचारी', हा कार्यक्रम जन्माला आला. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी त्याचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. त्या दिवशी बाईंनी 'बफ बूर्गिन्यों' नावाचा मांसाचा फ्रेंच रस्सा करून दाखविला. त्यांचे वय तेव्हा पन्नास होते.

कार्यक्रमाचा थाट म्हणावा, तर काहीच नव्हता. १९६१ मध्ये आग लागून केंद्राची इमारत जळाली होती. म्हणून एका वीज कंपनीने प्रदर्शनासाठी मांडलेल्या स्वयंपाकघरात चित्रण करावे लागे. चित्र काळेपांढरे, रंग १९७० मध्ये आले. चित्रफीत कापून पुन्हा जोडणे त्या काळी फार खर्चाचे आणि खटपटीचे असे. त्यामुळे अर्ध्या तासाचा भाग शक्यतो एका दमात, न थांबता मुद्रित केला जाई. नाटकातील नटाप्रमाणे एकदा पडदा वर गेला, की अखेरपर्यंत निभावून न्यावयाचे! विस्तव भडकला, झाकण हातातून निसटले किंवा पुढचा शब्द आठवला नाही, तरी थांबायला वाव नसे.

आणि या साध्या रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या बाई तरी कशा? ताडमाड उंची, हातात भलामोठा सुरा किंवा लाकडी मोगरी, आणि आवाज असा की एकदा ऐकला तर विसरू नये. तो मध्येच चिरका होई, मध्येच उंच चढे, मध्येच धापा टाकल्यासारखा तुटे. मोठमोठी भांडी त्या दाणकन ठेवीत. एकदा तर निरनिराळ्या वयांच्या सहा कोंबड्या ओट्यावर ओळीने मांडून, जणू एखाद्या घरातील बहिणींची ओळख करून द्यावी, तशी त्यांनी प्रत्येकीची नावानिशी ओळख करून दिली. आणि त्या हसण्याहसण्यातच कोणती कोंबडी भाजण्यास योग्य आणि कोणती रश्श्यास योग्य, हे प्रेक्षकांच्या कायमचे ध्यानात राहिले. रूपवान, गोड गळ्याच्या निवेदिकांची सवय असलेल्या प्रेक्षकांना हे सारे विक्षिप्त वाटले असेल. परंतु त्या विक्षिप्तपणात सोंग नव्हते. बाई घरी जशा होत्या, तशाच पडद्यावर होत्या.

या कार्यक्रमातील एक प्रसंग फार प्रसिद्ध आहे. बटाट्याचे पदार्थ शिकविताना बाईंनी तव्यात बटाट्याची एक जाडजूड पोळी केली होती. आता ती उलथन्याने न उलटता तवा झटकून हवेतच उलटावयाची होती. असे करताना मन घट्ट करावे लागते, डगमगून चालत नाही, असे त्यांनी प्रेक्षकांना बजावले आणि तव्याला झटका दिला. पोळी वर उडाली आणि मोडली! अर्धी तव्यात, अर्धी शेगडीवर. दुसरे कोणी असते तर ओशाळून क्षमा मागितली असती. बाईंनी शांतपणे सांडलेले तुकडे गोळा केले, तव्यात परत घातले, हाताने थापून सारखे केले. आपण झटका देताना जरा कचरलो, म्हणून असे झाले, हे चुकीचे कारणही त्यांनी तेथल्या तेथे सांगून टाकले. असे झाले तर तुकडे उचलून पुन्हा जुळवावे, स्वयंपाकघरात आपण एकटेच असतो, तेथे कोण पाहते आहे, असा धीरही दिला. आणि उलटायला शिकण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे उलटत राहणे, हे तात्पर्य सांगून त्या पुढच्या पदार्थाकडे वळल्या.

स्वयंपाकघरात आपण एकटेच असतो, असे सांगणाऱ्या बाईंकडे त्या क्षणी असंख्य डोळे लागले होते! या विसंगतीने प्रेक्षक हसले; पण त्या हसण्याबरोबर त्यांच्या मनावरचे ओझेही उतरले. इतक्या मोठ्या शिक्षिकेचा पदार्थ मोडतो आणि तरीही काही आकाश कोसळत नाही, मग आपला मोडला म्हणून काय झाले? शंभर यशस्वी पदार्थ पाहून जे धैर्य आले नसते, ते या एका मोडलेल्या पोळीने दिले.

पुढे या प्रसंगाला अनेक शाखा फुटल्या. बाईंच्या हातून अख्खी कोंबडी जमिनीवर पडली आणि त्यांनी ती उचलून वाढली, असे सांगणारे लोक भेटू लागले. कोणी कोंबडीऐवजी टर्की सांगे. आपण हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, असेही काही जण छातीठोकपणे सांगत. वास्तविक असे कधीच घडले नव्हते. घडले होते एवढेच, की बटाट्याची एक पोळी मोडून शेगडीवर सांडली होती. आवडत्या माणसाविषयीच्या गोष्टी कशा वाढत जातात आणि ऐकीव गोष्ट पारखून घेणे का आवश्यक असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मात्र ज्यूलियाबाईंच्या यशाचे मर्म केवळ गमतीत होते, असे समजणे चुकीचे ठरेल. त्यांची शिकविण्याची पद्धत शास्त्रशुद्ध होती. अमुक करा, एवढे सांगून त्या थांबत नसत. ते का करावयाचे, हेही सांगत. मांस परतण्यापूर्वी कापडाने टिपून कोरडे करा, असे त्या सांगत. कारण ओल्या तुकड्यावरील पाण्याची आधी वाफ होते. पाणी आहे तोवर त्याचा पृष्ठभाग पुरेसा तापत नाही, आणि त्यामुळे त्याला तांबूस रंग चढत नाही. अळिंबी परतताना ती तव्यात दाटीवाटीने भरू नका, हेही त्यांचे आवडते सूत्र. दाटी झाली, की सुटलेले पाणी उडून जायला जागा मिळत नाही आणि अळिंबी परतली न जाता नुसती शिजते. एकदा हे कारण उमगले, की नियम पाठ करावा लागत नाही. भेंडीची भाजी पाण्याने धुतल्याबरोबर ओलीच का चिरू नये, हे ज्या मुलाने घरी विचारले असेल, त्याला अशा कारणांची गोडी सहज कळेल.

पडद्यावर दिसणाऱ्या सहजपणामागे अपार पूर्वतयारी असे. ज्या पदार्थाला शिजायला तीन तास लागतात, तो अर्ध्या तासात दाखवायचा, तर त्याची कच्ची, अर्धी शिजलेली आणि पुरी झालेली अशी वेगवेगळी रूपे आधीच करून ठेवावी लागत. कोणती पळी कोठे, कोणते पातेले केव्हा, याची टिपणे आखली जात. पॉल चाइल्ड सामान वाहत, मांडामांड करीत आणि सर्व आटोपल्यावर भांडीही घाशीत. बायकोच्या कामात असा हात लावण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडासाठी फ्रेंच पावाची कृती हवी होती. साध्या घरगुती भट्टीत खरा फ्रेंच पाव कसा भाजावा, हे शोधण्यात या दांपत्याने जवळजवळ दोन वर्षे आणि अडीचशे पौंडांहून अधिक पीठ खर्ची घातले. बेकरीच्या भट्टीत असते तशी वाफ घरी मिळावी, म्हणून तापविलेली वीट पाण्याच्या भांड्यात सोडण्याची युक्तीही त्यांनी योजली. चुकीला न भिणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. जो कसून तयारी करतो, त्यालाच चूक हसत स्वीकारण्याचा अधिकार प्राप्त होतो.

'द फ्रेंच शेफ' हा कार्यक्रम १९७३ पर्यंत चालला. त्याला १९६५ मध्ये पीबडी आणि १९६६ मध्ये एमी हे मानाचे पुरस्कार मिळाले. ज्यांना फ्रेंच पदार्थ कधी करावयाचे नव्हते, असे लोकही तो आवडीने पाहत. प्रत्येक भागाच्या शेवटी बाई वाढलेल्या पानासमोर बसत आणि आपल्या विशिष्ट हेलात 'बॉनापेती!' म्हणजे 'सावकाश, चवीने जेवा!' असा निरोप देत. त्यांच्या नकलाही पुष्कळ झाल्या. १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमात एका नटाने त्यांची अतिरेकी नक्कल केली. बाई रागावल्या नाहीत. उलट ती नक्कल त्यांना फार आवडली. स्वतःच्या चुकांना जो हसू शकतो, त्याला दुसऱ्याच्या हसण्याचे भय कसले?

२००१ मध्ये ज्यूलियाबाईंनी आपले केंब्रिज येथील स्वयंपाकघर अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाला देऊन टाकले. २००२ पासून वॉशिंग्टन येथे ते लोकांना पाहावयास मिळू लागले. राजांच्या तलवारी आणि सिंहासने संग्रहालयात असतातच; येथे एका सुगरणीच्या पळ्या, रवी आणि पातेली मोठ्या आदराने मांडलेली आहेत. उंच बाईंना वाकावे लागू नये, म्हणून पॉल यांनी ओटे नेहमीपेक्षा दोन इंच उंच करविले होते. भिंतीवरील फळीवर प्रत्येक भांड्याची बाह्याकृती रेखाटलेली होती. त्यामुळे कोणते भांडे कोठे टांगावे, याविषयी गोंधळ होत नसे. खळखळून हसणाऱ्या त्या बाई किती शिस्तीच्या होत्या, हे त्या रेषा आजही मुकाट्याने सांगतात.

२००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून स्वातंत्र्यपदक हा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मिळाला. १३ ऑगस्ट २००४ रोजी, ब्याण्णवावा वाढदिवस दोन दिवसांवर आला असता, त्यांचे निधन झाले. तथापि त्यांचा कार्यक्रम मागे पडला नाही. २०१६ मध्ये त्याचे जुने भाग आंतरजालावर सलग दाखविण्यात आले, तेव्हा बाईंच्या मृत्यूच्या वेळी शाळेतही न गेलेली मुले ते पाहू लागली.

आता चित्रे कितीतरी स्वच्छ निघतात. चुकलेला भाग क्षणात कापून टाकता येतो आणि पडद्यावरचा प्रत्येक पदार्थ निर्दोष दिसतो. तरीही धुरकट, काळ्यापांढऱ्या चित्रातील या उंच बाईंकडे लोक पुन्हा पुन्हा वळतात. निर्दोष पदार्थ पाहून माणसाला कौतुक वाटते. परंतु मोडलेला पदार्थ धीराने सावरणारे हात पाहिले, की आपणही करून पाहावे, असे वाटू लागते. ज्यूलियाबाईंनी फ्रेंच रस्से आणि पाव शिकविले खरे. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांनी शिकविली. ती ही, की हातून सांडले तर उचलावे, जुळवावे, कारण शोधावे आणि तवा पुन्हा हाती घ्यावा.

शब्दार्थ

सुखवस्तू – खाऊनपिऊन सुखी असलेले; दर्दी – मर्म जाणणारा रसिक; निष्णात – अत्यंत कुशल; मुखोद्गत – तोंडपाठ; मोगरी – ठोकण्याचे लाकडी साधन; विक्षिप्त – जगावेगळ्या वागण्याचा; ओशाळणे – लाज वाटून खजील होणे; अळिंबी – छत्रीच्या आकाराची एक खाद्य वनस्पतीसदृश बुरशी; तात्पर्य – सारांश, बोध.

अभ्यास

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ज्यूलियाबाई श्रीलंकेत कोणते काम करीत?
(आ) कार्यक्रमाचे चित्रण वीज कंपनीच्या स्वयंपाकघरात का करावे लागे?
(इ) भिंतीवरील फळीवर भांड्यांच्या आकृती कशासाठी रेखाटल्या होत्या?

२. कारणे सांगा.
(अ) ज्यूलियाबाई पाकशाळेच्या परीक्षेत नापास झाल्या.
(आ) अळिंबी तव्यात दाटीवाटीने भरू नये.
(इ) पॉल आणि ज्यूलिया यांनी तापविलेली वीट पाण्यात सोडली.

३. बटाट्याच्या पोळीचा प्रसंग आपल्या शब्दांत लिहा. त्या प्रसंगाची पुढे कोणती दंतकथा झाली?

४. 'चुकीला न भिणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे.' पाठातील उदाहरणे देऊन हे विधान स्पष्ट करा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
घर करून राहणे; मनावर बिंबविणे; निभावून नेणे; छातीठोकपणे सांगणे.

६. घरातील वडीलधाऱ्या माणसाकडून एक पदार्थ शिकून घ्या. प्रत्येक कृती का करावयाची, हे विचारून त्याची कारणांसह नोंद वहीत करा.